गाईड पाहिजे

सरकारी कचेरीत माझी उभी हयात कागद पुढे पाठवण्यात गेली. (कागद पुढे पाठवणं म्हणजे काम करणं नव्हे, असं आमची सौ. निशा म्हणते. तिकडे लक्ष देऊ नका.) पण मी पाठवलेला कागद उलट फिरून, गाडी करून, माझ्याच घरी चहाला आला, असं कधी झालं नव्हतं. ते गेल्या हिवाळ्यात झालं. कारण काय, तर एका रिकाम्या दुपारी मला मुलीला मदत करावीशी वाटली.

मुलगी म्हणजे आमची निशिगंधा. समाजशास्त्रात एम.ए. केलेली. महाडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास असेल त्या दिवशी प्राध्यापक आणि नसेल त्या दिवशी आमची मुलगी. एकदा जेवताना तिनं जाहीर केलं, "बाबा, मी मानवशास्त्रात पीएचडी करणार."

"मानसशास्त्र! झकास! आमच्या साहेबांना तातडीनं गरज आहे."

"मानस नाही हो. मानव."

तोवर मी मनातल्या मनात तिच्या दवाखान्याची पाटीसुद्धा रंगवून टाकली होती. ती पुसली आणि विचारलं, "मग त्यात नेमकं करतात काय?"

"माणसं कशी राहतात ते त्यांच्यात राहून बघतात. आता हेच बघा. तुमच्या पोलादपूरकडची निम्मी गावं मुंबईला नोकरीला. गावात पाण्याची टाकी कुठं बांधायची ते ठरतं मुंबईतल्या मंडळाच्या मीटिंगमध्ये. हे कसं चालतं, कोण कोणाचं ऐकतं, बायकांना विचारतात का, यावर मला लिहायचंय."

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे? मीटिंग होते, चहा होतो, भांडण होतं."

"तेच लिहायचंय," ती म्हणाली.

पण या विद्येत म्हणे आधी गाईड गाठावा लागतो. देशभरातल्या प्राध्यापकांचं लिखाण वाचायचं, आपला विषय कोणाच्या विषयाशी जुळतो ते बघायचं, त्याला अदबीनं मेल करायचा, सोबत आपली माहिती जोडायची आणि उत्तराकडे डोळे लावून बसायचं.

"म्हणजे स्थळं बघण्यासारखंच की," निशा भाकरी उलटता उलटता म्हणाली. निशिगंधानं तिच्याकडे असं पाहिलं की भाकरी दुसऱ्या बाजूनंही आपोआप भाजली असावी. लग्न हा विषय आमच्या घरात स्थगित होता. माझ्या बहिणीनं हौसेनं बायोडेटा टाईप करून आमच्या लॅपटॉपवर टाकून ठेवला होता. निशिगंधानंही आत्याचं मन राखायला साडीतला फोटो काढू दिला होता. अट एकच, पीएचडीला लागेपर्यंत तो कोणाला पाठवायचा नाही. मी शब्द दिला होता. (आणि मी मुद्दाम तो मोडला नाही, हे इथंच नमूद करून ठेवतो.)

तर निशिगंधानं मेल लिहिला. फार सुरेख. पण ती तो पाठवेना! रोज एक शब्द काढायची, दुसऱ्या दिवशी तोच परत घालायची. शेवटी मला राहवलं नाही. अहो, मसुदा हा माझा प्रांत! ती दोन-तीन दिवस वरंधला कुठल्याशा म्हातारीशी बोलायला गेली होती, फोन लागत नव्हता. मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, पोरीचा संकोच आहे, बाप कशाला आहे?

मेल तयार होताच. प्राध्यापकांचे पत्तेही तिनं एका फाईलीत नीट लावून ठेवले होते. ती एकेकाला वेगळं पत्र घालणार होती म्हणे. मी सगळे पत्ते एकाच मेलवर टाकले, म्हणजे वेळेची बचत आणि परस्पर माहितीस्तव प्रत. शेवटी भर घातली, 'तरी उपरोक्त बाबतीत त्वरित योग्य ती कार्यवाही होऊन मुलीस उपकृत करावे, ही नम्र विनंती.' (ही भर मी इंग्रजीत घातली. मराठीत ती एवढी वाईट वाटत नाही.) राहिली सोबतची माहिती. एका फाईलीवर नुसतं 'सीव्ही सात' असं लिहिलं होतं, दुसरीवर 'निशिगंधा बायोडेटा फायनल'. आता तुम्हीच सांगा, फायनल असताना सातवा कच्चा मसुदा कोण जोडील? मी फायनल जोडली, बटण दाबलं आणि समाधानानं आडवा झालो.

दोनच दिवसांनी कचेरीत फोन आला.

"जय भीम. निशिगंधाचे वडील ना? मी पुण्याहून बोलतेय. डॉक्टर हर्षदकडे तुम्ही मुलीचे कागद पाठवलेत ना?"

मी खुर्चीतून ताडकन उठलो. डॉक्टर हर्षद हे यादीतलं पहिलंच नाव.

"जय भीम मॅडम! होय, पाठवलेत. मिळाले ना?"

"मिळाले आणि आवडलेसुद्धा. म्हटलं, आधी आपण मोठ्यांनी बोलून घ्यावं. त्याच्यावर सोपवलं तर तो नुसता वाचत बसेल."

"बरोबर. आपण म्हणजे... विभागप्रमुख?"

"काशीबाई. आणि प्रमुख म्हणाल तर मीच," त्या हसल्या. म्हणून मीही हसलो. (वरिष्ठ हसले की हसायचं, हे हाडात भिनलंय.)

"मुलीची तब्येत कशी काय?"

"ठणठणीत! रायगड पायऱ्यांनी चढते. रोपवे बघतसुद्धा नाही."

"स्वयंपाक येतो?"

रानोमाळ हिंडायचा विषय, विचारणारच. "चुलीवरचासुद्धा येतो," मी अभिमानानं म्हणालो.

"छान. आमच्या हर्षदचा स्वभाव जरा अबोल आहे. सांभाळून घ्यावं लागेल. आधी एक होती, ती वर्षभरात सोडून गेली."

"अरेरे! पूर्ण न करताच?"

"काय सांगू! पटलंच नाही दोघांचं."

"आमची तशी नाही हो. एकदा हातात घेतलं की शेवटाला नेणारच. साधारण किती वर्षं धरून चालायचं?"

"किती वर्षं म्हणजे? जन्मभराचं असतं हे."

पीएचडी लांबते असं मी ऐकून होतो, पण इतकी? तरी हिय्या करून म्हणालो, "आमची तयारी आहे."

"मग रविवारी येतो आम्ही. मुलीला तिच्या घरातच बघितलेलं बरं, नाही का?"

मी फोन ठेवला तेव्हा माझा ऊर भरून आला होता. काय तो विषय! माणसं कशी राहतात ते घरी येऊन बघणार! संध्याकाळी घरात पाय ठेवल्या ठेवल्या मी ओरडलो, "निशिगंधा, रविवारी तुझी मुलाखत! पुण्याचं विद्यापीठ आपल्या घरी येतंय!"

वरंधहून नुकतीच परतलेली निशिगंधा पाणी पीत होती. तांब्या तोंडापासून खाली आला. "कुठलं विद्यापीठ? मी मेल अजून पाठवलाच नाही."

"मी पाठवला," मी म्हणालो आणि शाबासकीसाठी पाठ पुढे केली.

ती लॅपटॉपकडे धावली. तिच्या तोंडावरचं रक्त उतरताना मला दिसत होतं. शेवटी तिनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि स्वतःच्याच मेलचा मराठी अर्थ, एकेक वाक्य तोडत, मला वाचून दाखवला.

"'गेली काही वर्षं मी आपला बारकाईनं मागोवा घेत आहे. आपल्या आणि माझ्या आवडी जुळतात, असं मला मनापासून वाटतं. पुढील पाच वर्षं आपल्या सहवासात घालवायला मला आवडेल.' आणि बाबा, याच्या खाली तुम्ही काय जोडलंत ते बघा."

मी बघितलं. कुंडीशेजारी साडीत उभी निशिगंधा. उंची. वर्ण गव्हाळ. मामाचं गाव. आणि तळाशी माझ्या बहिणीनं ठळक केलेलं, 'अपेक्षा: निर्व्यसनी, उंच, स्वतःचं घर असलेला. पुणे-मुंबईस प्राधान्य.' त्यानंतर माझी ती कार्यवाहीची विनंती.

निशा बाजूच्या खुर्चीत अशी बसली की खुर्ची तिथं होती म्हणून बरं.

"आणि हे सगळ्यांना एकदम," निशिगंधा म्हणाली. तिचा आवाज फुटला. "प्रत्येकाला दिसतंय मी आणखी कोणाकोणाला मागणी घातली ते. दोन वर्षं यांची पुस्तकं वाचतेय मी. आता या देशात मला कोण दारात उभं करणार?"

ती रडायला लागली तसा मला खरा धक्का बसला. लहानपणी गुडघा फुटला तरी न रडणारी पोर ती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो. तिनं तो हळूच बाजूला केला. रागानं झटकला असता तर बरं वाटलं असतं.

इनबॉक्समध्ये उत्तरं येऊन पडली होती. दिल्लीच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'मी विवाहित आहे. तुझा मेल पत्नीनंही वाचला. ती तुला आशीर्वाद कळवते.' हैदराबादच्या एका मॅडमचं होतं, 'उंच आणि निर्व्यसनी या दोन्ही अटींत मी बसत नाही. चुकून काही वेगळंच जोडलं गेलं असावं. संशोधनाचा आराखडा असेल तर तो पाठव.'

डॉक्टर हर्षद यांचं उत्तरच नव्हतं.

"काशीबाई म्हणजे त्यांची आई असणार! आधी त्यांना फोन करा आणि नको म्हणून सांगा," निशानं फर्मावलं. मी फोन लावला.

"ताई, रविवारचं जरा..."

"रविवारचं पक्कं!" काशीबाई कुजबुजल्या. "हर्षदला रायगड दाखवते म्हणून आणतेय. त्याला यातलं काही माहीत नाही. तो मेल बघून 'काहीतरी घोटाळा आहे' म्हणून हसला होता. मीच मागून बायोडेटावरचा नंबर टिपून घेतला. तुम्ही काही बोलू नका हं!" आणि फोन बंद.

मी हे सांगितल्यावर निशिगंधानं डोळे पुसले. "म्हणजे त्या बिचाऱ्यालाही फसवून आणतायत? मग येऊ द्या. निदान माझ्या तोंडानं माझा विषय तरी सांगते त्यांना."

रविवारी तुडीलहून माझी आई, चंपाबाई, न बोलावता हजर झाली. कोणी सांगितलं कोण जाणे. काशीबाई वरंध घाटाच्या वळणांनी पांढऱ्याफटक पडलेल्या. मागून टोपी घातलेले, गळ्यात कॅमेरा अडकवलेले डॉक्टर हर्षद. "पाणी पिऊन लगेच निघू आई, गडावर ऊन होईल," असं म्हणत ते सोफ्याच्या कडेला टेकले.

आतून निशिगंधा आली. हातात पोह्यांचा ट्रे नव्हता, आराखड्याचे कागद होते.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कुंडीकडे पाहिलं. (फोटोतली कुंडी तीच होती.) ते ताडकन उभे राहिले. "तुम्ही... त्या मेलवाल्या?"

"नाही सर. मेलवाले हे, माझे बाबा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"आई!" डॉक्टरांनी टोपी काढली. कान लालबुंद झाले होते. "म्हणजे रायगड...?"

"रायगड कुठं पळून जातोय?" काशीबाई म्हणाल्या. "बस. मुलगी काय म्हणते ते ऐक."

निशिगंधानं सांगायला सुरुवात केली. आधी ती कागदात बघून बोलत होती. मग ती टाकीच्या भांडणावर आली, मुंबईच्या मीटिंगचा फोन गावात स्पीकरवर लावून सगळे कसे ऐकतात ते सांगू लागली, आणि डॉक्टर नकळत सोफ्याच्या कडेवरून पुढे सरकले. त्यांनी विचारलं, हिनं उत्तर दिलं, त्यांनी अडवलं, ही भांडली. चहा गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला. मी पहिल्यांदाच माझ्या मुलीला कामात बघत होतो. आणि मी काय जोडून पाठवलं होतं? वर्ण गव्हाळ.

काशीबाई माझ्या कानाशी आल्या. "जुळतंय असं वाटतंय, नाही?"

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "विषय उत्तम आहे. पण मी तुमचा गाईड होऊ शकत नाही. झालो तर उद्या कोणीही म्हणेल, फोटो बघून घेतली. हैदराबादच्या मॅडमना आराखडा पाठवला का? याच विषयातल्या आहेत त्या."

"त्यांचं उत्तर वाचलं त्या रात्रीच पाठवला सर. मुलाखतीला बोलावलंय त्यांनी."

"आणि दुसऱ्या विषयाचं?" काशीबाईंनी न राहवून विचारलं.

"आई, यांना गाईड पाहिजे होता. नवरा नव्हे."

"म्हणजे माझा मुलगा नापास?"

"नाय गो बाय," माझ्या आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "त्याला परीक्षेलाच कुटं बसवला हाय? उगा मनाला लावून घ्यू नको. पोहे खा."

काशीबाई क्षणभर घुश्शात होत्या, मग एकदम खो खो हसत सुटल्या. डॉक्टर हसले, निशा हसली, शेवटी निशिगंधाही हसली, आणि मी चहाचा पहिला घोट गिळला. मायलेक खरोखरच रायगडाला गेले. संध्याकाळी पाचाडहून काशीबाईंचा फोन आला, पिठलं-भाकरी फर्मास मिळाली म्हणून. आजही अधूनमधून त्यांचा फोन येतो. पण मला नाही, निशाला.

हैदराबादची मुलाखत निशिगंधानं स्वतः दिली, एकटी जाऊन. मला स्टँडपर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. निवड झाली. माझ्याशी ती पुन्हा पूर्वीसारखी बोलायलाही लागली, फक्त लॅपटॉपला आता पासवर्ड आहे. प्रवेशाचा अर्ज मात्र तिनं माझ्यासमोर बसून भरला, हाच मला केवढा मान वाटला! 'पालकाचा संपर्क क्रमांक' आला तशी मी मान ताठ केली. तिनं सरळ आजीचा नंबर घातला.

"अगं, आईचा कशाला? तिच्या घरात रेंज नाही, आणि तिला फोन घेताच येत नाही, माहिताय ना तुला?"

"माहिताय बाबा," अर्जावरची नजर न काढता निशिगंधा म्हणाली. "म्हणूनच."