यंत्राची दृष्ट काढिली त्याची हकीकत

श्री. मौजे रहिमतपूर येथील समस्त गल्लीकर, भाऊबंद, सोयरे आणि वरल्या आळीचे चौकस लोक यांणी वारंवार पुसिले की, तानाजी सुभेदार यांची कन्या राजनंदिनी इणे घरी बसोन, कॉलेजाची पायरी न चढता, कृत्रिम बुद्धिमत्तेची थोरली पदवी कैशी मिळविली, आणि त्या दिवशी अवघी गल्ली का खोकत होती. जो तो आपल्या मनचे सांगतो, आणि सांगता सांगता मिरच्या वाढवितो. सबब खरे वर्तमान लिहून ठेवणे प्राप्त जाहाले. जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ घातले नाही. मीठ जे आले ते साळूबाईंच्या मुठीतून आले.

राजनंदिनी सातारियास एका कारखान्यात चाकरीस होती. तेथे लोखंडाचे ओतीव भाग तयार होत, आणि त्यांस कोठे चीर गेली आहे की काय हे डोळ्यांनी पाहून सांगावे, ऐसी तिची कामगिरी. मग कारखानदारांनी जाहीर केले की, दोन वर्षांनी येणाऱ्या दिवाळीनंतर ते काम कॅमेरा करील, आणि कॅमेऱ्यास शिकवू जाणे ऐसा पदवीधर असेल त्यास कॅमेऱ्याचा कारभार, बाकीच्यांस नारळ. पोरीपाशी तैसी पदवी नव्हती. परंतु ती शिपाईगड्याची लेक. तिणे मनसुबा केला की, जो कॅमेरा आपली भाकरी खावयास येतो, त्याचेच मास्तर व्हावे. आणि दूरदेशीच्या एका विद्यापीठात ऑनलाइन नाव घातले.

मग दोन वर्षेपर्यंत बहुत कस्त केली. सकाळी एसटीत बसावे, कानात मोबाइलाचे बोंड घालावे, आणि सातारा येईतो प्रोफेसरांचे व्याख्यान ऐकावे; कंडक्टराने तिकीट मागितले तर हिणे मान डोलवावी, कंडक्टरास वाटे पोरगी भजन ऐकते. ह्या मोहिमेत तिचा एकच दोस्त, तो म्हणजे शिवांजली सांगलीकर. ही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. दोघींची प्रत्यक्ष भेट कधी जाहाली नाही, जी काय ती पडद्यावरची. परंतु स्नेह ऐसा की एकीचा प्रोग्राम अडला तर दुसरीस घास उतरू नये. ऐसे करीत एकेक विषय सर केला, आणि शेवटला एक पेपर राहिला. त्याचे नाव कॉम्प्युटर व्हिजन, म्हणजे यंत्रास दृष्टी देणे.

येथे एका शब्दाने घात केला. पेपराचे आदले दिवशी जेवते समयी राजनंदिनीने आजीस, म्हणजे सुभेदारांच्या मातोश्री साळूबाई यांस, परीक्षेचा शिरस्ता निवेदन केला. घरीच बसून पेपर लिहावयाचा, समोर कॅमेरा, आणि पलीकडून विद्यापीठाचा एक माणूस तीन तास तिजवर नजर ठेवणार.

"नजर?" साळूबाईंची भाकरी तव्यावरच राहिली. "कोण मेलं माज्या पोरीवर तीन तास नजर ठिवतंय?"

"नियम असतोय आजी. समद्यांवरच ठेवत्यात."

"समद्यांवर ठिवून आलेली नजर व्हय? मग तर लय वंगाळ."

राजनंदिनी हसली आणि ताक पिऊन उठली. हसली तेथेच चुकली.

दुसरे दिवशी माजघरात पेपर सुरू जाहाला. आजवर साळूबाईंनी ह्या घरी नजरेशी पुष्कळ झुंजी दिल्या होत्या. व्यालेली म्हैस, नवी मोटारसायकल, बाळंतीण सून, एवढ्यांस राखिले. मग नात काय उघडी टाकतील. त्यांणी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, पाठीमागून चालून आल्या, आणि पोरीवरून मूठ उतरविली. मग विचार केला की नजरेचे मूळ त्या डब्यात आहे. तेव्हा हात पुढे घालून लॅपटॉपावरूनही उतरविली, ते समयी मूठ कॅमेऱ्याचे तोंडासमोर आली. आणि "आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची" ऐसे मोठ्याने म्हणत जाऊन तो दारूगोळा चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकिला.

मग जो धूर उठला तो वर्णावा किती. राजनंदिनी खोकली, सुभेदार खोकले, शेजारची म्हैस खोकली. ठसका लागला त्या अर्थी दृष्ट लागलीच नव्हती, ऐसा साळूबाईंचा निवाडा पडला आणि त्या समाधानाने परसात गेल्या. इकडे विद्यापीठाच्या त्या नजरबाजाने पडद्यावर फर्मान पाठविले की, कक्षात दुसरा इसम आढळला, त्याणे मुठीतून अनोळखी जिन्नस पुढे केला, काही सांकेतिक मजकूर बोलला, आणि तदनंतर काहीच दिसेनासे जाहाले. सबब पेपर रद्द.

राजनंदिनी रिकाम्या पडद्यापुढे बसून राहिली. डोळ्यांस पाणी होते. ते मिरचीचे होते की पेपराचे, हे तिचे तिलाही कळेना.

मग विद्यापीठास अर्ज लिहू बैसली. दृष्ट काढणे यास इंग्रजीत काय म्हणावे, येथे गाडे अडले. अंधश्रद्धा असे लिहिले आणि खोडले, कारण तो शब्द आजीच्या हाताला बसेना. मग शिवांजलीने सांगलीहून सल्ला दिला, त्याप्रमाणे लिहिले की, घरातील वडील मनुष्याने काळजीपोटी केले, त्यांस नियम ठाऊक नव्हता, चूक माझी की मी सांगितला नाही. विद्यापीठ दयाळू. त्यांणी एक संधी आणखी बहाल केली, आणि ताकीद दिली की पुन्हा बेबंदशाही दिसली तर सारे वर्ष नव्याने करावे. नव्याने वर्ष म्हणजे दिवाळी गेली, आणि दिवाळी गेली म्हणजे नारळ.

राजनंदिनीने हे आजीस कळू दिले नव्हते. परंतु सुभेदारांच्या तोंडी पलटणीची शिस्त आहे, गुपित नाही. एके सकाळी चहा ओतताना बोलून गेले की, आये, तुझ्या मिरच्यांनी पोरीचा पेपर गेला. साळूबाई उठल्या. मिरच्यांची बरणी उचलून फळीच्या वरल्या अंगास ठेविली. "माज्याच हातानं पोरीचं वाटुळं केलं," एवढे भिंतीकडे पाहून म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून जेथे राजनंदिनी अभ्यासास बसे त्या खोलीचा उंबरठा ओलांडेनात. चहा सुभेदारांकरवी पाठवावा, आपण दाराबाहेर उभे राहून परत जावे. राजनंदिनीने नाना प्रकारे विनविले, हात धरिला, रुसून पाहिले. साळूबाई ढळल्या नाहीत.

खरे सांगावे तर पोरीस पेपराहून हे भारी जाहाले. पेपर पुढले वर्षी देता येईल, चाकरी दुसरी मिळेल, परंतु आजी आपल्या खोलीत येत नाही हे तिला सोसेना. आणि पेपर हातचा गेला तर म्हातारी जन्मात पुन्हा आत पाऊल घालणार नाही, हे ती पुरते ओळखून होती. सबब ही लढाई आता पदवीची उरली नाही, उंबरठ्याची जाहाली.

मग खलबत बसले. शिवांजली पडद्यावर, सुभेदार खाटेवर. शिवांजलीने आपला अनुभव कथिला की, खोलीत आरसा असेल तर झाकावा, यंत्र आपल्यालाच दोन माणसे समजते. टीव्ही असेल तर त्यावर चादर टाकावी. मग माजघर सोडून माडीवरली पुढली खोली मुक्रर केली, तेथे रेंज उत्तम आणि चूल लांब. आरशावर घोंगडे पडले, टीव्हीवर चादर पडली. आणि कॅमेऱ्यातून साहेब खोली तपासणार म्हटल्यावर सुभेदारांचे हात शिवशिवू लागले. त्यांणी खोली झाडली, फरशी पुसली, आणि भिंतीवर वडिलांची, कैलासवासी जोतिबा हवालदार यांची, वर्दीतली तसबीर होती, तिच्यावरला सुकला हार काढून काच ऐसी लखलखीत केली की हवालदारांच्या मिशीचा केस न केस मोजावा. हे करिताना मनात पितृभक्तीच होती. परंतु शत्रूस वाट बहुधा घरचाच माणूस करून देतो.

पेपराचा दिवस उगवला. सुभेदार गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, हाती वेताची छडी. भाजीवाला आला, त्यास परतविला. मग भंगारवाला भोंगा लावून आला, तो ऐकेना. तेव्हा सुभेदारांनी "हॉल्ट" म्हणून दरडाविले, भोंगा बंद करविला, आणि चहाच्या मिषाने त्यास टपरीवर अडकवून ठेविले. माडीवर राजनंदिनीने कॅमेरा चहूकडे फिरवून खोली दाखविली, नजरबाजाने मंजुरी दिली आणि पेपर सुरू जाहाला. साळूबाई दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसल्या. उजवी मूठ मिटलेली. तिच्यात काय होते ते सांगणे नलगे. निखारा पेटवावयाचा नाही ऐसे स्वतःस बजाविले होते. नुसती धरून बसल्या.

निम्मा पेपर ठीक गेला. मग ऊन फिरले, खिडकीतून आत आले, आणि नेमके त्या लखलखीत काचेवर पडले. हवालदार उजळून निघाले. त्याच क्षणी पडद्यावर तांबडी पट्टी उमटली, आणि नजरबाजाचे फर्मान आले की, तुमच्या पाठीमागे गणवेशात एक वृद्ध इसम उभा असून तो एकटक तुमच्या उत्तरांकडे पाहतो आहे, त्यास बाहेर काढा.

राजनंदिनीने वळून पाहिले. मग नजरबाजास समजाविले की, ते माझे आजोबा, ते हयात नाहीत, ती तसबीर आहे. नजरबाज भला मनुष्य होता, त्यास पटले. परंतु यंत्रास पटेना. चेहरा दिसतो तोवर तांबडी पट्टी राहणार, आणि पट्टीवर दिलेल्या वेळात ती हटली नाही तर पेपर आपोआप मिटणार. परीक्षार्थीने खुर्ची सोडू नये हाही नियम. मग त्याणे मुभा दिली की, घरातील एका माणसास हाक मारावी, त्याणे आत येऊन तसबीर न्यावी, मात्र परीक्षार्थीशी एक अक्षर बोलू नये.

सुभेदार टपरीवर. घरात उरले कोण.

"आजी," राजनंदिनी म्हणाली. "आत ये."

पायरीवर हालचाल जाहाली आणि थांबली. साळूबाईंनी दारातूनच मान हलविली की न्हाई. मूठ पाठीमागे लपविली. पट्टीवरली वेळ सरत चालली.

"आजी, आज्जा दिसतोय त्येंच्या मशीनला. त्याला भाईर न्ये. तू आल्याबगार व्हायचं न्हाई."

मग साळूबाईंनी मूठ डाव्या हाती बदलली, पदर डोईवरून पुढे ओढिला, आणि उंबरठा ओलांडिला. नातीकडे पाहिले नाही. अक्षर बोलावयाचे नव्हते. थेट भिंतीपाशी गेल्या. हवालदारांनी रिटायर होऊन, मग देह ठेवूनही, ही जागा सोडली नव्हती, आणि घरात कोणाची छाती जाहाली नव्हती त्यांस उठविण्याची. साळूबाईंनी तसबिरीपुढे मान लवविली आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"आवं, उठा. पोरीचा पेपर हाय. चला, आपुन भाईर बसू."

नियमभंग जाहाला नाही. परीक्षार्थीशी त्या बोलल्याच नाहीत. तसबीर खिळ्यावरून निघाली, छातीशी धरिली गेली, आणि दोघे बाहेर पडली. तांबडी पट्टी मावळली. राजनंदिनीने एक वेळ डोळे पुसले, तेवढे नजरबाजाने चालू दिले, आणि पेपरास लागली. शेवटला प्रश्न ऐसा होता की, यंत्र चित्रातला माणूस आणि खरा माणूस यांत घोटाळा करिते, तो का, उदाहरणासह लिहा. ह्या प्रश्नावर तिणे जे लिहिले ते पुस्तकात नव्हते.

पुढे निकाल लागला. राजनंदिनी पहिल्या वर्गात उतरली, सांगलीकर शिवांजलीही उतरली. दिवाळीनंतर कारखान्यात कॅमेरा आला तो राजनंदिनीच्या ताब्यात. आता चीर ओळखावयास ती त्यास शिकविते, आणि चुकला तर रागे भरते. निकालासोबत विद्यापीठाच्या यंत्राने केलेला अहवाल आला, तो तिणे माडीवर आजीस मराठी करून वाचून दाखविला. लिहिले होते की, कक्षात दुसरा वृद्ध इसम आढळला. तथापि विनंती करिताच तो शांतपणे, स्वखुशीने बाहेर गेला. सबब हरकत नाही.

साळूबाईंनी ते वाक्य पुन्हा वाचावयास लाविले. तसबीर खिळ्यावर परत चढली होती, तिजकडे वळल्या.

"सोखुशीनं गेलं म्हणत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "जल्मात माज्या एका शब्दानं कवा जागचं हललं न्हाईत. नातीसाठी उठलं."

आणि मग खोलीत मधोमध बसल्या, पदर डोळ्यांस लाविला आणि मोकळ्या मनाने रडल्या. राजनंदिनीने फळीच्या वरल्या अंगाची बरणी काढून आणिली आणि त्यांच्या पुढ्यात ठेविली. तेव्हा साळूबाईंनी रीतसर दृष्ट काढिली. आधी नातीची, मग हवालदारांची, मग लॅपटॉपाची, आणि शेवटी मिटल्या लॅपटॉपावरून एक मूठ आणखी उतरविली. ती कोणाची म्हणून पुसता उत्तर मिळाले की, त्या नजरवाल्या पोराची, तीन तास डोळे फाडून बसते, त्यालाही आई असेल.

येणेप्रमाणे रहिमतपूर मुक्कामी यंत्रदृष्टीचा पेपर फत्ते जाहाला. कामास आले ते: राजनंदिनी, साळूबाई, तानाजी सुभेदार, शिवांजली सांगलीकर, आणि ऐन लढाईत हुकूम मानून मोर्चा सोडिला ते कैलासवासी जोतिबा हवालदार. जखमी कोणी नाही. गल्ली दोन वेळा खोकली. दुसरे खेपेस कोणी तक्रार केली नाही. लेखनसीमा.