साठ रोट्या आणि शेवटची पायरी

बत्तीस वर्षं मी नागपुरातल्या पोरांना गणित शिकवलं. घरात दूध उतू गेलं तर किती टक्के गेलं, हे मी ओट्यावर नुसती नजर टाकून सांगतो! त्यामुळे त्या रविवारच्या जेवणाची वेळ ठरवायचं काम मी कोणालाच करू दिलं नाही.

उमरेडहून पंचवीस पाहुणे येणार होते. आमच्या पायलला पाहून गेलेला अमोल, त्याचे वडील वामनराव, आत्या भीमाबाई आणि सगळा गोतावळा. पोरगी त्यांना पसंत होती. पायलचं मात्र ठरत नव्हतं. "एकदा सोबत जेवू दे, मंग सांगतो," एवढंच ती म्हणायची. स्थळ चांगलं होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. बाराला पंगत, दीडला त्यांची एसटी.

मटणाचा रस्सा माझी बायको उत्तरा करणार होती. लंब्या रोट्यांसाठी दोघी जणी सांगितल्या होत्या. सैल कणीक पार कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची, हे काम आमच्या घरात कोणाला जमत नाही. साठ रोट्यांना अंजनाबाईंना एकटीला तीन तास लागत, पार्वतीबाईंना सहा.

"सकाळी साडेनऊले येतो आम्ही," अंजनाबाई म्हणाल्या.

"काहून? थांबा, गणित करू." मी कागद ओढला. तीनचा गुणाकार व्यस्त एक छेद तीन. सहाचा एक छेद सहा. बेरीज एक छेद दोन. "अर्धा तास! साडेअकराला या, गरमागरम वाढू."

"अहो, एकटीले तीन तास लागतात," उत्तरा म्हणाली, "आन् दोघींले अर्धा?"

"तुला नाही कळायचं ते."

बायका बरोबर साडेअकराला आल्या. पाहुणे बाराला आले आणि पानावर बसले. तोवर रोट्या झाल्या होत्या पंधरा.

त्या पाच मिनिटांत संपल्या. मग लोक नुसता रस्सा पिऊ लागले. आमचा रस्सा पाणी आहे का म्हणून प्यायचा? वामनरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, त्यांच्या मेव्हण्याला उचकी लागली, आणि माठ रिकामा झाला.

"इथं रोटी मोजून देतात वाटते," भीमाबाई शेजारणीला म्हणाल्या. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल इतक्या हळू.

मी चुलीकडे धावलो. मदत करावी म्हणून कणकेचा गोळा उचलला. तो माझ्या हातावरून ओघळत थेट बनियनमध्ये गेला. दुसरा मडक्याऐवजी विस्तवात पडला. तिसरा पार्वतीबाईंच्या तयार रोट्यांवर पडला आणि त्याही गेल्या.

"मास्तर," अंजनाबाई म्हणाल्या, "तुम्ही काहीच नोका करू गा. त्यानंच लवकर होईन."

शेवटी मी तो कागद घेऊन पंगतीत उभा राहिलो. काय करणार, माणूस घाबरला की आपल्या धंद्यावर जातो. "हे पाहा," मी सांगितलं, "हिशेबानं तुमचं जेवण वीस मिनिटांपूर्वीच झालेलं आहे."

अमोलनं कागद मागून घेतला. "काका," तो अगदी अदबीनं म्हणाला, "हे एका तासात किती काम होते ते निघालं. अर्धं. पुऱ्या कामासाठी ह्याचाबी व्यस्त घ्या लागते. दोन तास."

शेवटची पायरी! हीच पायरी विसरणाऱ्या पोरांचे मी बत्तीस वर्षं अर्धे गुण कापत आलो होतो. अंगणातला विस्तव माझ्या कानांत शिरला. पायल तोंडावर पदर धरून हलत होती. रडते आहे असं मला वाटलं. हसत होती.

रोट्या पुऱ्या व्हायला दोन वाजले. माझ्या मदतीमुळे अर्धा तास जास्त. एसटी कधीच गेली होती. वामनराव शांतपणे पाच रोट्या जेवले, हात धुतला आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"मास्तर, आमची एक अट आहे."

"सांगा."

"लग्नात हिशेब तुम्ही करायचा नाही."

मी काही बोलायच्या आत आतून पायलचा आवाज आला, "मले मंजूर आहे."

पोरीनं होकार दिला, तो हा असा. तिच्या आईनं तर लगेच साखर वाटली.