हत्तीला नऊ, कासवाला दोन

चित्रपट मंडळाच्या चिटणिसांचा तिसरा फोन आला, तेव्हा कुठे थोरलीने अप्पांची वही शोधायला घेतली. अप्पा मंडळाचे बावीस वर्षांचे परीक्षक. यंदा मुलांसाठीचे सगळे ॲनिमेशनपट पाहून झाले, आणि गुण कळवायच्या आतच ते गेले. अंतिम फेरीत दोन चित्रपट उरले होते. वही चष्म्याच्या घराखाली सापडली. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : हत्ती ९, कासव २.

आईला उगाच त्रास नको म्हणून थोरलीने तिला काही विचारलं नाही. आकडे कळवून टाकले. अप्पांचा शेवटचा निकाल, तो तरी वेळेवर पोचायला हवा.

रविवारी सकाळी दोघी मायलेकी मंडळाच्या सभागृहात गेल्या. दारात पुठ्ठ्याचा भलामोठा हत्ती अडकून बसला होता आणि चिटणीस त्याला मागून ढकलत होते.

"एकमताने हत्ती!" ते धापा टाकत म्हणाले. "अप्पांचे नऊ पाहिले आणि बाकी दोघांनीही आपापले गुण वाढवले!"

आई जागीच थांबली. "हत्तीला बक्षीस? हे नऊ वेळा उठून गेले होते त्यातून!"

"म्हणजे? वहीत तर नऊ गुण होते!" थोरली म्हणाली.

"अगं, ते गुण कुठले? कंटाळा आला की हे चहाला बाहेर. दर वेळी माझ्या पायावर पाय. मी मोजायची, हे घरी येऊन लिहायचे. मग दहातून वजा करून गुण कळवायचे."

"बावीस वर्षं?"

"माझ्या पायांना विचार."

थोरली तडक परीक्षकांकडे गेली. हत्तीला एक, कासवाला आठ, चूक माझी, अप्पांची नाही, एवढंच तिने चारदा सांगितलं. दंतवैद्य परीक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मी तर अर्ध्यातच झोपलो होतो हो. वाटलं, झोपेत काहीतरी थोर निसटलं."

निवृत्त मुख्याध्यापिका लालबुंद झाल्या. "जन्मात कुणाचे गुण वाढवले नव्हते मी. अप्पांसाठी चार वाढवले, तेही हत्तीचे!"

चिटणिसांनी नुकताच आत आलेला हत्ती भिंतीकडे तोंड करून उभा केला. बक्षीस कासवाला जाहीर झालं, दिवे मालवले आणि तोच चित्रपट सुरू झाला.

"आई," थोरली कुजबुजली, "मग कासवाच्या वेळी दोनदा का उठले?"

"चहाला नाही. चष्म्यात काहीतरी गेलंय म्हणाले. दोन्ही वेळा."

पडद्यावर म्हाताऱ्या कासवाने पिल्लाला पाण्यापर्यंत सोडलं, आणि स्वतः सावकाश मागे वळलं. थोरली घाईघाईने उठली.

"चहा घेऊन येते," ती म्हणाली, आणि अंधारात नेमका आईच्या पायावर पाय पडला.

आईने पाय आत ओढून घेतले. पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली,

"एक."