नीलाबाईंचा इन्कार

मिरची कांडपाच्या मशीनसाठी नीलाबाईंनी अर्ज दिला, आणि आठवड्याने बँकेच्या साहेबांनी त्यांना भद्रावतीच्या शाखेत बोलावून घेतलं. साहेबांनी आधी चष्मा पुसला. चांगली बातमी द्यायची असली की माणसं चष्मा पुसत बसत नाहीत, एवढं नीलाबाईंना कळत होतं.

"बाई, तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये एका टीव्हीचं कर्ज थकलेलं आहे. पंचावन्न इंची."

"आमच्या घरी टीव्हीच नाई, साहेब," नीलाबाई हळूच म्हणाल्या. "आणि तेवढी मोकळी भिंतबी नाई."

त्यांच्या आधारच्या झेरॉक्सवर कोणीतरी एका फायनान्स कंपनीच्या कर्जाने टीव्ही उचलून नेला होता. ती नोंद निघाल्याशिवाय कर्ज नाही, आणि तीस सप्टेंबरनंतर मशीनचं अनुदान नाही. घरी आल्याबरोबर त्यांची मुलगी दिव्यानी हिने मोबाइलवरून तक्रार टाकली. हे कर्ज माझं नाही, नोंद काढून टाका. आता महिनाभरात उत्तर येणार होतं.

सारं सरळ होतं. पण चातुर्मास होता, आणि चातुर्मासात नीलाबाई सकाळच्या आंघोळीपासून साडेअकराच्या नैवेद्यापर्यंत मौन पाळत. चौदा वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं. एकदा वानराने देवापुढचा नारळ डोळ्यांदेखत उचलून नेला, तेव्हाही त्यांनी नुसते हात हलवले होते. वानराला वाटलं, बाई टाटा करते आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. नवरा फॅक्टरीत, दिव्यानी कॉलेजात. नीलाबाईंनी फोन उचलून कानाला लावला.

"फायनान्स कंपनीच्या वसुली विभागातून अतुल बोलतो. टीव्हीचे हप्ते केव्हा भरता, बाई?"

नीलाबाई गप्प.

"घरी माणसं पाठवावी लागतील. समजलं ना?"

चुलीवर वरण उकळत होतं, त्याचा तेवढा आवाज पलीकडे गेला.

मग रोज नऊचा नेम झाला. साडेअकरानंतर नीलाबाई उलट फोन लावून पाहत, तर हा नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई गोड आवाजात सांगे. चौथ्या फोनला अतुलचा आवाज उतरला. शिव्या देणारी, रडणारी, फोन आपटणारी, सगळी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती. हे प्रकरण नवीन होतं.

"ठेवतबी नाई, बोलतबी नाई. आयकून राह्यल्या ना तुम्ही?"

नीलाबाईंनी मान हलवली. ती फोनातून दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सातव्या दिवशी तो म्हणाला, "खरं सांगू काय, बाई? मलेबी हे काम नाई आवडत." मग नागपूरच्या मेसमधलं वरण निघालं, त्यात डाळ शोधावी लागते. मग साहेबाचं टार्गेट, मग भरायचा राहून गेलेला परीक्षेचा फॉर्म. मग नागभीडची मयुरी निघाली, जिच्या घरी विचारायची त्याची हिंमत होत नव्हती. इतकं मन लावून त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. नीलाबाई वाती वळत ऐकत आणि वाईट वाटलं की हात थांबवत.

महिन्याने उत्तर आलं. दिव्यानीने वाचून दाखवलं, "तक्रार फेटाळण्यात येत आहे. कंपनीने ग्राहकाशी बावीस वेळा संपर्क साधला. ग्राहकाने एकदाही कर्ज नाकारलं नाही." तिने मोबाइल खाली ठेवला. "आई, तू बावीस दिवस फोन उचलून राह्यली होती?"

"वाजत्या फोनले तसंच ठेवणं बरं दिसत नाई. दारात आलेल्या माणसासारखं हाय ते."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं काऊन नाई? पोरगा चांगला हाय गं. त्याले पाणचट वरण देतात."

दिव्यानीने दुसरी तक्रार टाकली. या खेपेला कंपनीने कळवलं, की रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर ग्राहकाने स्वतः इन्कार नोंदवावा. एकच संधी. चोवीस सप्टेंबरला दिव्यानी कॉलेज बुडवून घरी थांबली. फोन वाजला तो नऊलाच, आणि अतुलचाच.

"दादा, मी त्यांची मुलगी. आई मौनात आहे. साडेअकराले लावा ना."

"इन्कारासाठी सिस्टम एकदाच नंबर लावून देते, ताई." मग अतुल थबकला. "मौनात म्हणजे? पह्यलेपासून?"

"हाव."

"म्हणजे आयकतबी नव्हत्या?"

"आयकत होती. मयुरीचं सगळं माहीत आहे आम्हाले."

मग घसा साफ करून अतुल म्हणाला, "रेकॉर्डिंग चालू आहे. नीलाबाई, हे कर्ज तुमचं आहे काय?"

एका शब्दाचं काम होतं. नीलाबाईंनी फोनकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. ओठ उघडले आणि मिटले. 'बोल' असं दिव्यानी डोळ्यांनी विनवत होती.

"थांबा," अतुलच म्हणाला. "बाई, घरी घंटी असन ना? हाव असन तर एकदा वाजवा, नाई असन तर दोनदा."

नीलाबाईंनी घंटी उचलली. टण. टण. मग अंमळ थांबून, टण.

"तीन काऊन, बाई?" अतुल घाबरला. "तिसरी कशाची?"

"तिसरी देवाची," दिव्यानी म्हणाली.

अतुलने नोंद केली, ग्राहकाचा स्पष्ट इन्कार. आणि रेकॉर्डिंग बंद करून हळू आवाजात स्वतःचा नंबर दिला.

एकोणतीस तारखेला रिपोर्टमधून टीव्ही निघाला. तीस तारखेला, शेवटच्या दिवशी, साहेबांनी चष्मा न पुसता कर्जावर सही केली. घरी येऊन नीलाबाईंनी दुपारी दोन वाजता आभार मानायला अतुलला फोन लावला.

"अतुलबाबू, देव तुमचं भलं करो. आता मी काय म्हणते ते आयका." आणि त्यांनी बावीस दिवसांची उत्तरं क्रमाने द्यायला घेतली. मेस बदलायची. वरण शिजताना हिंग घालायचा. साहेबासमोर मान खाली घालून उभं राहायचं नाही. परीक्षेचा फॉर्म भरायचा. मयुरीच्या घरी आधी आईला पाठवायचं, बापाला नाही, आणि जाताना पेढे न्यायचे. पाऊण तास झाला. अतुल मध्ये तीनदा "हाव, पण" म्हणाला. त्याच्या पुढे त्याला जाता आलं नाही.

शेवटी त्यांनी श्वास घेतला, तेव्हा त्याने फार नम्रपणे विचारलं, "बाई, तुमचा चातुर्मास अजून किती दिवस हाय?"

"कार्तिकापर्यंत. काऊन, बाबू?"

"नाई, काई नाई," अतुल म्हणाला. "मी सकाळीच लावत जाईन फोन."