बुवांचा बिनतारी परवाना

या, असे पुढे सरकून बसा. चपलांची काळजी नको, कोणी नेत नाही (नेल्याच तर त्याला गरज असेल). आज एक आख्यान सांगतो. त्यात विमान आहे, सीतामाईचं लग्न आहे आणि एक गोल शिक्का आहे. तिन्ही सारख्याच भक्तीने ऐकायची.

माणसाला वाचा देव देतो. पण तीच वाचा जमिनीवरून वर उचलली की तिची मालकी शासनाकडे जाते, हे सनातन सत्य आहे. खाली उभं राहून जन्मभर बोला, कोणी विचारत नाही. विमानात बसून यंत्रातून बोलायचं तर मात्र रेडिओला परवाना लागतो, वैमानिकाच्या जिभेला वेगळा लागतो, आणि देशाबाहेर जायचं असेल तर हे दोघे एकमेकांना ओळखतात असा दाखला लागतो. व्यवस्था फार शहाणपणाची आहे. आपलं विमान परक्या मुलखात काही वेडंवाकडं बोलून आलं तर निस्तरायचं कोणी?

रायपूरचे यज्ञेश्वर देवपुजारी हे या व्यवस्थेचे मनापासून चाहते. अभनपूरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, तेलीबांध्याला घर, आणि विमानतळाच्या एका कोपऱ्यात चार खुर्च्यांचं जुनं विमान. (लोक शेत घेतात, यांनी आभाळ घेतलं.) जिभेचा परवाना त्यांना पहिल्याच परीक्षेत मिळाला. नियंत्रण कक्षातून जे सांगितलं जातं ते वैमानिकाने रेडिओवर जसंच्या तसं म्हणून दाखवायचं असतं. आणि यज्ञेश्वर तर लहानपणापासून कीर्तनात झांज धरून बुवांची ओळ जशीच्या तशी उचलत आलेले. परीक्षक शेवटी म्हणाले, "आता पुढच्याला पाठवा." यांनी तेही सुरात म्हणून दाखवलं. पैकीच्या पैकी मिळाले.

प्रश्न पद्मिनीआत्यांचा होता. आत्यांचं वय ऐंशीच्या पुढे, आणि कंबर अशी की रेल्वेच्या लांब प्रवासाचं नाव काढताच डॉक्टरांनी हात जोडले. विमानाने मात्र जा म्हणाले. आत्यांची इच्छा एकच होती: विवाहपंचमीला, म्हणजे राम-सीतेच्या लग्नतिथीला, नेपाळात जनकपूरला, सीतेच्या माहेरी बसून, घरचे कीर्तनकार दत्तोपंतबुवा यांना सोबत नेऊन त्यांच्या तोंडून स्वयंवराचं कीर्तन ऐकायचं.

"यज्ञू, हे लग्न मी हजार वेळा ऐकलं," त्या म्हणाल्या, "पण नवरीच्या दारात बसून ऐकायचं राहूनच गेलं. तुझ्या त्या पत्र्याच्या पाखरात नेशील काय मले?"

यज्ञेश्वरांनी शब्द दिला आणि शंकर नगरच्या परवाना कार्यालयातून परदेशगमनाचा अर्ज आणला.

अर्जात एक रकाना होता: 'विमानातील दूरवर आवाज पोचवणारी साधने महत्त्वाच्या क्रमाने लिहावीत.' आता देवपुजारींच्या घरात यादी कसलीही असो, आधी कुलदैवत, मग बुवा, मग उरलेलं जग, अशी रीत. किराण्याच्या यादीतसुद्धा बुवांचा बुक्का मिठाच्या वर असतो. तेव्हा यज्ञेश्वरांनी निर्मळ मनाने लिहिलं: '१. दत्तोपंतबुवा. २. रेडिओ.' (कुलदैवत विमानात बसणार नव्हतं, म्हणून गाळलं.)

कार्यालयातल्या अधिकारी चेतनाताई. काम चोख, आवाज मऊ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"भैया, हे दत्तोपंत कोणत्या कंपनीचं आहे?"

"कंपनीचं नाही ताई. राजिमचं आहे."

"देशी बनावट," ताईंनी लिहून घेतलं. "आवाज किती दूर जाते?"

यज्ञेश्वरांना खोटं बोलवेना. "तलावाच्या या काठावर सुरू झाले की त्या काठावरच्या बायका माना डोलावतात."

"तार लागते?"

"बिनतारी."

"फ्रिक्वेन्सी?"

"पेटीची काळी एक. आख्यान रंगलं की काळी दोन," यज्ञेश्वर भक्तिभावाने म्हणाले, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "ताई, ते माणूस आहेत हो!"

"ते मले समजून राहिलं भैया. पण माणसाचा रकाना वर होता, तिथं काहून नाही लिहिलं? आता साधनात नोंद झाली, तर साधनाची चाचणी होईल."

"खोडून देऊ?"

"खाडाखोडीचा अर्ज बाद होते. नवा अर्ज पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी आत्या असतील की नाही, हे कोणत्याच रकान्यात लिहिता येत नव्हतं. यज्ञेश्वरांनी मान खाली घातली आणि बुवांच्या चाचणीला संमती दिली.

इथे नियमाने आपलं तेज दाखवलं. नियम असा: परदेशी न्यायच्या साधनाची चाचणी परदेशी परिस्थितीतच झाली पाहिजे; आणि चाचणी झाल्याशिवाय साधन परदेशी नेता येत नाही. हलक्या दर्जाचं कार्यालय असतं तर इथेच डोकं धरून बसलं असतं. या कार्यालयाने आदेश काढला: 'चाचणीपुरते पहिल्या मजल्यावरील सभागृह हे जनकपूर, नेपाळ, समजण्यात यावे.' (जेवणाची सुटी रायपूरप्रमाणे.) तारीख मिळाली ती नेमकी विवाहपंचमीची, कारण निम्मे कर्मचारी लग्नांना जाणार असल्याने त्याच दिवशी सभागृह रिकामं होतं.

यज्ञेश्वर ओशाळून आत्यांपुढे उभे राहिले. विमान काही उडत नव्हतं. दिलेला शब्द गेला, असंच ते धरून चालले होते.

आत्यांनी विचारलं, "कागदावर जनकपूर लिहिलं आहे?"

"हो."

"शिक्का?"

"गोल."

"मंग रडून काहून राहिला? पूजेत सुपारीले आपण गणपती म्हणतोच ना? ते तर बिनशिक्क्याचं. काढ गाडी."

विवाहपंचमीला जिन्याच्या तोंडाशी शिपाई विकी उभा होता. "अम्मा, पहचान पत्र. यहाँ से नेपाल है." आत्यांनी ओळखपत्र दाखवलं, पायरीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि देश ओलांडला.

तंत्रज्ञ आवाज मोजायचं यंत्र घेऊन बसले होते. त्यांना 'हॅलो, एक दोन तीन' एवढंच हवं होतं. बुवा म्हणाले, "नमनाशिवाय माझा गळा उघडत नाही, साहेब." मग नमन झालं, पूर्वरंग झाला, मधला बुक्का लागला, बुवांना हार पडला. चाचणीच्या अहवालात या सगळ्याची 'साधन तापण्यास लागणारा वेळ' अशी नोंद आहे.

उत्तररंगात राम जनकाच्या दारी आला आणि भांडण लागलं. छत्तीसगड म्हणजे कौसल्येचं माहेर. रामाला इथे घरोघर भाचा मानतात, आणि भाचा दिसला की मामा त्याच्या पाया पडतो. विकी उठून म्हणाला, "दीदी, हम तो मामा हैं. लड़केवाले! पहले हमको बिठाओ."

"आदेश वाच," चेतनाताई म्हणाल्या. "हे जनकपूर आहे. पाच वाजेपर्यंत आपण पोरीकडचे. चल, पाणी वाढ सगळ्यायले."

विकीने कुरकुरत पाणी वाढलं, आणि बुवांच्या पायाशी आला तेव्हा भाच्याच्या नावाने हळूच पायाही पडला. (दुहेरी निष्ठेबद्दल त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला आहे.)

मग बुवांनी धनुष्य मोडलं. काळी दोनमध्ये मोडलं. यंत्राचा काटा टोकाला जाऊन चिकटला, ट्यूबलाइट लुकलुकली, कपाटावरचा फायलींचा गठ्ठा आपण होऊन खाली आला. कोणी उचलला नाही. सगळं कार्यालय जावक विभागासकट टाळ्या धरून बसलं होतं. आत्यांनी अक्षता टाकल्या, नवरीकडच्या बाईने टाकाव्यात तशा, आणि झांज वाजवणाऱ्या यज्ञेश्वरांच्या पाठीवर थाप मारली.

"पोचवलं रे पोट्ट्या," त्या म्हणाल्या. "दारात बसवलं मले."

यज्ञेश्वरांची झांज एक ठोका चुकली. जन्मात पहिल्यांदा.

निकाल आठवड्याने आला. साधन क्रमांक एक उत्कृष्ट; जगात कुठेही वापरण्यास परवानगी. साधन क्रमांक दोन, म्हणजे रेडिओ, विचाराधीन. विमान अजून कोपऱ्यातच आहे. सभागृहाचा आदेश रद्द करायचा राहून गेल्याने तिथे बैठकीला बसणारे कर्मचारी परदेश भत्ता मागत आहेत (तेही विचाराधीन).

हसलात? हसा, देवाघरची देणगी आहे ती. पण यज्ञेश्वरांनी केलं तरी काय होतं? अर्जातलं वाक्य नीट वाचलं आणि मनात होतं ते लिहिलं. तुम्ही आज सकाळी फोनवर एखादं ॲप उतरवून घेताना 'सर्व अटी वाचल्या, समजल्या व मान्य आहेत' असं छातीठोक सांगून आलात. त्यातली एक अट सांगा बघू. अर्धी सांगा. राहू द्या, म्हणून तर तुमचं काम चुटकीसरशी होतं. पुढच्या वेळी त्या चौकोनावर बोट टेकवाल, तेव्हा घटकाभर थांबून यज्ञेश्वर देवपुजारींची आठवण तेवढी काढा.