बारा फोटोंची पडताळणी

परवाना कचेरीत पस्तीस वर्षं अर्जावरचा फोटो आणि खिडकीपुढचा माणूस जुळवून पाहणाऱ्या गृहस्थांना सगळे पडताळे म्हणत. कोणी दाढी वाढवा, कोणी चष्मा लावा, पडताळे फसायचे नाहीत. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि निवृत्तीनंतर ते खोटं पाडायला कोणी उरलं नव्हतं.

माणसं संपली तशी त्यांनी माश्या धरल्या. मागच्या अंगणात कोथिंबिरीला फुलं आली होती आणि त्यांवर फूलमाश्या यायच्या. अंगावर मधमाशीसारखे काळे-पिवळे पट्टे, पण पंखांची जोडी एकच आणि डंखाच्या नावानं शून्य. म्हणजे नुसतं सोंग, आणि सोंग ओळखणं हा तर पडताळ्यांचा हातखंडा. त्यांनी एक पुस्तक आणलं आणि त्यातला नियम पाठ केला: दोन डोळे डोक्यावर एकमेकांना टेकले असतील तर नर, मधे फट असेल तर मादी. पुढे पट्टे मोजायचे की जात हातात.

तीन आठवड्यांत बारा फोटो झाले आणि त्यांतून सात जाती निघाल्या. पडताळ्यांनी थेट संग्रहालयाला पत्र धाडलं. संग्रहालय दरवर्षी निरीक्षकांच्या नावांची नोंदवही छापायचं, आणि त्यांना आपलं नाव त्यात हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावापुढे शिक्के मारले, स्वतःचं नाव कुठे छापून आलं नाही, ही सल त्यांना होती. त्यांनी ती बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. अर्थात तिला माहीत होती.

बायको घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. रफू असं करायची की गिऱ्हाईक भोक कुठे होतं ते शोधत बसे. फोटो पाहून ती एकदा म्हणाली होती, "अहो, या पंखाकडे जरा बघा ना." पडताळ्यांनी तिला समजावलं की ओळख पटते ती डोळ्यांवरून, पंखाचं काय, पंख सगळ्यांनाच असतात. ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

संग्रहालयातल्या कीटकतज्ज्ञ बाई शनिवारी येते म्हणाल्या. मग काय, पडताळ्यांच्या अंगात वारं शिरलं. फोटो वहीएवढे मोठे करून आणले. पाहुण्यांच्या खोलीत दोरी ताणून ते चिमट्यांनी टांगले आणि प्रत्येकाखाली जात, लिंग, तारीख लिहिली. मधोमध दोन फोटो शेजारी शेजारी लावून खाली सुबक अक्षरांत 'दांपत्य' असं लिहिलं. एवढ्यावर थांबतील तर ते पडताळे कसले! कचेरीतल्या जुन्या साहेबांनाही बोलावणं गेलं.

साहेब आधीच येऊन बसले होते. बाई आल्या आणि एकेका फोटोपुढे उभ्या राहिल्या. तिसऱ्या फोटोपाशी त्यांनी भिंग काढलं, आठव्यापाशी त्या परत पहिल्याकडे गेल्या. पडताळ्यांना वाटलं, बाई भारावल्या. तेवढ्यात चहा घेऊन आलेली बायको दांपत्यापुढे थबकली. फोटो मोठे झाल्यामुळे आता काही झाकून राहिलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "या नवऱ्याचा आणि बायकोचा उजवा पंख एकाच जागी फाटलाय."

बाईंनी भिंग लावलं. मग बायको ट्रे हातात धरूनच दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. बाराही फोटोंत उजव्या पंखाच्या कडेला तीच फाट होती, खिळ्याला अडकून कापड फाटावं तशी. सकाळच्या उन्हात पट्टे पिवळे होते, संध्याकाळी नारिंगी. एकदा पाठीवर पराग पडल्यानं एक पट्टा झाकला गेला होता. समोरून फोटो काढला तिथे डोळ्यांत फट दिसत होती, वरून काढला तिथे नव्हती. सात जाती, नर, मादी, दांपत्य, सगळा प्रपंच एकट्या नराचा होता.

साहेबांनी ट्रेमधला कप उचलला. "पडताळे," ते हळूच म्हणाले, "तुम्ही पास केलेल्या परवान्यांचं आता काय करायचं?"

पडताळे खुर्चीत बसले. त्यांना फार वाईट वाटलं. आता वहीत नाव येणार नाही, आणि आलंच तर कशासाठी येईल, या विचारानं त्यांचे कान तापले.

पण बाई भराभर तारखा उतरवून घेत होत्या. एकच नर एकोणीस दिवस एकाच वाफ्यावर टिकून राहिला, असं त्यांच्याकडे अजून कोणी फोटोंनिशी दाखवलं नव्हतं. फाटक्या पंखामुळे शंकेलाही जागा नव्हती. ही नोंद छापायलाच हवी, असं त्या म्हणाल्या. पडताळे ताठ झाले. त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं.

"निरीक्षक म्हणून नाव काय लिहू?" बाईंनी विचारलं. त्या बायकोकडे बघत होत्या.

बायकोनं पडताळ्यांचंही नाव लिहायला लावलं. ते 'फोटो' या शब्दापुढे, लहान अक्षरांत बसलं. निरीक्षकाच्या ओळखपत्रासाठी तिचा एक फोटो लागणार होता, आणि फोटोतली व्यक्ती हीच, अशी ओळखणाऱ्याची सही. बायकोनं कपाटातून फोटो काढून नवऱ्यापुढे ठेवला.

पडताळ्यांनी पेन उघडलं. सवयीप्रमाणे फोटोकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"घाई नाही," ती म्हणाली. "नीट बघून सही करा."