खिडकीवरची नदी

आवक-जावक कारकुनाला खिडकीजवळचं टेबल मिळायला अकरा वर्षं लागली होती. खिडकीखाली नदी होती. पत्रांवर शिक्के मारता मारता तो तिच्याकडे बघायचा आणि त्या जोरावर संध्याकाळपर्यंत माणसात राहायचा.

एका सोमवारी साहेबांनी स्वतः रंगवलेलं चित्र आणलं. दोन काठ, मधे संथ नदी, एक रिकामी होडी. सगळं ऑफिस शहाण्यासारखं गप्प उभं राहिलं. कारकुनाच्या जिभेला मात्र हाड नव्हतं.

"साहेब, काय शांत वाटतं हो. समोर असतं तर दिवसभर बघत बसलो असतो."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांच्या चित्राला घरीसुद्धा कुणी बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी ते कारकुनाच्या समोरच टांगायला सांगितलं. पण तिथे भिंत नव्हती, खिडकी होती. शिपायाने तिच्याच चौकटीला खिळा ठोकला.

एक नदी गेली, दुसरी आली. कारकुनाने दोन दिवस कसेबसे काढले आणि तिसऱ्या दिवशी डोकं चालवलं.

"साहेब, मागून उजेड येतो ना, त्याने चित्र काळवंडतं. तुमच्या केबिनमध्ये खुलेल."

"नजर आहे तुम्हाला," साहेब म्हणाले. "पण ते तुमचंच. उजेडाचं बघतो मी."

शनिवारी गवंडी आला आणि विटा रचून खिडकी बुजवून गेला.

"बघा आता दिवसभर," टायपिस्टबाई म्हणाल्या.

त्या दिवशी कारकून बायकोसमोर चक्क रडला. पण करतो काय, बघायला दुसरं काही नव्हतंच. महिन्याभरात काठावरचं गवत ओळखीचं झालं. दुपारी होडी जराशी हलल्यासारखी वाटू लागली. चित्र खरोखरच चांगलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली.

शिपाई चित्र उतरवायला आला, तेव्हा कारकुनाने हात जोडले.

"साहेब, एवढं ठेवून जा. फार सुंदर आहे हो ते. त्याच्याशिवाय मला इथे बसवणार नाही."

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू द्या. निरोपाच्या वेळी माणूस गोड बोलतोच. पहिल्या दिवशी बोललात ना, ते मात्र मनापासून होतं. तेवढं मला पुरे."

चित्र गेलं. विटांसमोर खिळा तेवढा उरला. दुसऱ्या दिवशी टायपिस्टबाईंनी त्यावर कॅलेंडर अडकवलं आणि मागे सरकून विचारलं, "कसं दिसतंय?"

कारकून खाली मान घालून शिक्के मारत राहिला.